लघुशंका

रात्रीचे दोन. मग सव्वातीन. मग चार वाजून दहा.
बाथरूमची दोरी ओढायची, दिवा लागतो,
आणि मी उभा.
वाट बघत.
बाहेर हडर्सफील्डचा उतार, ओल्या छपरांवर नारिंगी उजेड,
आत साठ-सत्तर थेंब, तेही उसने मागून आणल्यासारखे.

गंमत बघा,
एकतीस वर्षं मी याच वेळेला जागा असायचो, पगार घेऊन.
वॉटर बोर्डाची व्हॅन, लाकडी काठी,
एक टोक रस्त्यातल्या व्हॉल्व्हवर, दुसरं कानाशी.
गाव झोपलं की पाणी बोलतं.
कुठे गळतंय, कुठे कोंडलंय,
कुठल्या घरात कुणी फ्लश ओढला,
सगळं ऐकू यायचं मला.
स्वतःच्या पाइपाला मात्र दोन वर्षं कान दिला नाही.
वय झालं म्हटलं. थंडी म्हटलं. चहा कमी करू म्हटलं.

हेमलतानं मोजलं.
कॅलेंडरवर, कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायचे वार लिहितो तिथेच,
पेन्सिलीच्या बारीक रेघा :
मंगळवारी चार, बुधवारी पाच,
गुरुवारी पाच आणि एक चादर.
चादरीबद्दल ती कधी बोलली नाही.
पान फाडलं, घडी घातली, माझ्या खिशात कोंबलं,
आणि डॉक्टरकडे पाठवलं.

डॉक्टर पोरगी. माझ्या पुतणीच्या वयाची.
शाळेत करंगळी वर केली की भागायचं.
मोठेपणी लघुशंका. केवढा सभ्य शब्द,
जणू मनात एक बारीकसा प्रश्न आलाय
आणि आडोशाला जाऊन तो सोडवायचाय.
तिच्यापुढे मी घडी उलगडून ठेवली.
ती म्हणाली, ही ग्रंथी असते अक्रोडाएवढी,
तुमची संत्र्याएवढी असेल, मार्गाच्या गळ्याशी बसलीय.
म्हटलं, म्हणजे दाब बाहेरून. पाइप शाबूत.
ती हसली. मग हातमोजा चढवला.
भिंतीवर हात कसे धुवावेत याचा तक्ता होता.
मी तो पाठ केला.

रक्त. स्कॅन. सुया, बारा की चौदा.
मिस्टर गायसस? हो, मीच घैसास.
वाढलंय ते निराळं, म्हणाले, त्याला गोळी आहे.
पण या कोपऱ्यात आणखी काहीतरी आहे, तांदळाच्या दाण्याएवढं.
नाव कॅन्सरच. पण आळशी.
कापायचं नाही, जाळायचं नाही, नजर ठेवायची.

हेमलता भडकली. आहे तर काढा की!
मला मात्र ते लगेच पटलं.
नव्या पोरांना मीच सांगायचो,
थेंब दिसला की रस्ता खणायचा नाही.
खडूनं खूण करा. तारीख घाला. परत या.

डेरेक होलरॉइड रात्रभर गाढ झोपायचा.
धार उत्तम, तक्रार काही नाही.
पाठ दुखते म्हणून त्यानं बागेतलं फावडं बदललं.
तोवर हाडांत पोचलं होतं.
प्लास्टिकचा पाइप आवाज करत नाही,
हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं.
एकाच व्हॅनमधून हिंडलो होतो.

गोळीनं धार बरी आहे.
झटकन उठलं की भोवळ येते,
आणि दुसरंही एक होतं, ते इथे लिहीत नाही.
हेमलताला माहीत आहे.

आज रविवार. अच्युतला फोन लावला, साताऱ्याला.
हवा, गुडघे, कांद्याचा भाव.
म्हटलं, अण्णा आठवतात का रे,
विहिरीमागे किती वेळ उभे राहायचे,
आपण आकडे मोजायचो, शंभरला पोचलो की हसायचो.
कंबरेच्या दुखण्यानं गेले, असंच सांगत आलो सगळ्यांना.
तो म्हणाला, हो. का?

अच्युता, तू रात्री किती वेळा उठतोस?

पलीकडे काहीच नाही.
मी फोन कानाशी घट्ट धरला,
काठी धरायचो तसा.